स्टँड मिक्सर घेताना आधी पीठ पाहा, मग वॅट

दुकानात दोन स्टँड मिक्सर शेजारीशेजारी मांडलेले असतात. एकाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत १५०० वॅट, किंमत आठ-नऊ हजार. दुसऱ्यावर वॅटचा आकडा शोधावा लागतो. सापडतो तेव्हा तो निघतो ३००, आणि किंमत मात्र चाळीस हजारांच्या पुढे. पाचपट ताकद, तीही एवढ्या कमी पैशांत, असा हिशेब करून बरेच जण पहिलं यंत्र उचलतात. त्यातल्या काहींचा निर्णय अगदी बरोबर ठरतो. ज्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा पाव भाजला जातो त्यांच्याकडे मात्र काही महिन्यांतच यंत्र ओट्यावर सरकायला लागतं, गरम होतं, जळका वास येतो. मग ते खोक्यात जातं आणि खोकं माळ्यावर.

हा गोंधळ टाळायचा तर खोक्यावरच्या आकड्यांआधी आपल्या स्वयंपाकघरात काय भाजलं जातं ते पाहावं. आपण करतो त्यातला सगळ्यात घट्ट पदार्थ कोणता आणि सगळ्यात कमी प्रमाणात होणारा पदार्थ कोणता, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत निम्मी निवड होऊन जाते.

वॅट काय सांगतो?

वॅटचा आकडा यंत्र किती वीज ओढतं एवढंच सांगतो. त्यातली किती ताकद हुकापर्यंत पोचते हे मोटर आणि हुक यांच्यामधल्या गिअरवर ठरतं. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. पीठ मळणाऱ्या हुकाला मात्र संथ गती आणि भरपूर जोर लागतो. वेग उतरवून जोर वाढवायचं हे काम गिअरचं. ते धातूचे आहेत की प्लॅस्टिकचे, नीट बसवलेले आहेत की नाहीत, यावर यंत्राचं आयुष्य अवलंबून असतं.

किचनएडचं आर्टिसन हे मॉडेल साधारण ३०० वॅटचं आहे, भांडं ४.८ लीटरचं. केनवूडचं केमिक्स १००० वॅटचं, भांडं ५ लीटरचं. दोन्ही यंत्रं घरच्या पावाचं पीठ मळतात. वॅटमध्ये तिपटीहून जास्त फरक असला तरी कामात तेवढा फरक पडत नाही. म्हणून वॅटची तुलना करायचीच तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्ये करावी. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाबतीत विक्रेत्याला दुसरे प्रश्न विचारावेत: गिअर धातूचे आहेत का? माहितीपुस्तिकेप्रमाणे एका वेळी किती ग्रॅम मैदा मळता येतो? सलग किती मिनिटं चालवता येतं आणि मग किती वेळ विश्रांती द्यावी लागते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेत छापलेलं असतं, पण खरेदीपूर्वी ते क्वचितच कोणी वाचतं.

हे यंत्र जन्मलं पावासाठी

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी होबार्ट कंपनीत हर्बर्ट जॉन्स्टन नावाचे अभियंते होते. १९०८ साली त्यांनी एका बेकरीवाल्याला धातूच्या चमच्यानं पीठ घोटताना पाहिलं आणि त्या कष्टाला पर्याय शोधायला घेतला. त्यातून आधी बेकऱ्यांसाठी अवाढव्य मिक्सर तयार झाला आणि १९१९ साली घरगुती यंत्र आलं. त्याचं वजन तीस किलोच्या आसपास होतं. ब्रिटनमध्ये केनवूडचा ‘शेफ’ १९५० साली बाजारात आला. स्वीडनमध्ये १९४० साली निघालेल्या आणि आज आंकारस्रुम या नावानं विकल्या जाणाऱ्या यंत्राची रचना निराळी आहे. त्यात भांडंच फिरतं आणि पीठ एका रोलरखालून दाबलं जात राहतं.

आपल्याकडे मिळणारी बहुतेक यंत्रं जॉन्स्टन यांच्याच पद्धतीची, म्हणजे प्लॅनेटरी असतात. बीटर स्वतःभोवती एका दिशेनं फिरतो आणि त्याच वेळी भांड्यात उलट दिशेनं फेरी घालतो. त्यामुळे भांडं स्थिर असूनही मिश्रणाचा जवळजवळ प्रत्येक भाग बीटरखाली येतो. खोक्यावर ‘प्लॅनेटरी’ हा शब्द नसेल, बीटर एकाच जागी फिरत असेल, तर ते यंत्र म्हणजे स्टँडवर बसवलेला हँड बीटर आहे असं समजावं आणि तेवढेच पैसे मोजावेत.

आधी यादी करा

कागदावर गेल्या वर्षभरात घरी काय काय भाजलं ते लिहून काढावं. ही यादी मनाशी प्रामाणिक राहून करायला हवी, कारण दुकानात उभं राहिलं की पुढे करायच्या पदार्थांचीच स्वप्नं पडतात.

यादीत मुख्यतः बिनअंड्याचा केक असेल, दही-सोड्याचा किंवा कंडेन्स्ड मिल्कचा, तर त्याच्या स्पंजला स्टँड मिक्सर लागतच नाही. उलट तिथे यंत्र नुकसानच करतं. ओला झालेला मैदा जास्त फिरवला की त्यातलं ग्लुटेन ताठरतं आणि स्पंज रबरासारखा चिवट होतो. हे मिश्रण हातानं, स्पॅच्युलानं, पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवायचं असतं. केकवर आयसिंग करायचं असेल तर क्रीम फेटायला बीटर लागतो, आणि महिन्याला दोन-तीन केकपुरतं काम दीड-दोन हजारांचा हँड बीटर चोख करतो.

अंड्याचा स्पंज, मेरिंग, बटरक्रीम नेहमी करणाऱ्यांना स्टँड मिक्सरचा खरा फायदा होतो. अंडी आणि साखर फिकट, दाट होऊन व्हिस्कवरून रिबिनीसारखी ओघळेपर्यंत आठ-दहा मिनिटं फेटावी लागतात. इटालियन मेरिंगमध्ये पांढऱ्या बलकाच्या फेसात उकळता पाक धारेनं सोडायचा असतो. तेव्हा एक हात मोकळा हवाच. या कामांना जोर कमी आणि वेग जास्त लागतो, त्यामुळे सात-आठ हजारांचं बरं यंत्रही वर्षानुवर्षं साथ देऊ शकतं.

नानकटाई, कुकीज, मावा केक या पदार्थांत बटर किंवा तूप साखरेबरोबर फेसायचं असतं. जुन्या घरांत नानकटाईचं तूप परातीत तळहातानं फेसून पांढरंशुभ्र करत. तेच काम यंत्रात चपटा बीटर करतो. या फेसण्यातच हवेचे बारीक बुडबुडे मिश्रणात शिरतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे घडवत नाही, असलेलेच फुगवते. म्हणून फेसणं कमी पडलं तर पावडर वाढवून उपयोग नाही.

आणि पाव? लादीपाव, ब्रेड, पिझ्झाचा बेस, बन. इथे गिअरची कसोटी लागते. आठवड्याला एकदा जरी पाव होत असेल तरी पैसे गिअरवर आणि वजनदार बांध्यावर घालावेत, रंग आणि दिव्यांवर नाही.

रोजच्या पोळ्यांची कणीक मळायला म्हणून कोणी हे यंत्र घेत असेल तर थांबावं. चार माणसांची पावशेर-दीडपाव कणीक पाच लीटरच्या भांड्यात हुकाला गुंडाळून नुसती गरगरते. त्यासाठी फूड प्रोसेसर बरा, एक-दोन मिनिटांत गोळा तयार होतो. सणाच्या पुरणपोळीसाठी मात्र मोठ्या प्रमाणातली सैल कणीक यात छान तिंबून निघते. चपट्या बीटरवर संथ वेगानं चक्का आणि साखर फिरवली की श्रीखंडही गुठळी न राहता एकजीव होतं.

भांडं केवढं?

मोठं भांडं म्हणजे चांगलं भांडं, हा समज महागात पडतो. अर्धा किलोच्या केकसाठी दोन-तीन अंडी आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम मैदा लागतो. सात लीटरच्या भांड्यात दोन अंड्यांचे पांढरे बलक तळाशी पसरून राहतात आणि व्हिस्क त्यांच्या वरून फिरत राहतो. म्हणून आपला सगळ्यात कमी प्रमाणातला पदार्थ कोणता ते आधी लिहून ठेवायचं.

दुसरं टोक पावाचं. साडेचार-पाच लीटरच्या भांड्यात साधारण ६०० ग्रॅम मैद्याचं पीठ निवांत मळता येतं. त्यात ३८० ग्रॅमच्या आसपास पाणी धरलं तर जवळजवळ एक किलोचा गोळा होतो. पन्नास ग्रॅमचा एक याप्रमाणे वीस लादीपाव. घरच्या पावभाजीला एवढे पुरतात. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला साडेचार ते पाच लीटर हे माप बहुतेक वेळा बरोबर बसतं. सहा-सात लीटरकडे वळावं ते एका वेळी दोन किलोचे केक किंवा चाळीस पाव नेहमी करावे लागत असतील तरच.

भांडं स्टेनलेस स्टीलचं असावं. प्लॅस्टिकला तेलकटपणा चिकटून राहतो आणि स्निग्धांशाचा जरासा अंश असला तरी बलकाचा फेस धरत नाही. काचेचं भांडं दिसतं सुरेख, पण जड असतं आणि लवकर थंड होत नाही.

क्रीमबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिचा दोष पुष्कळदा यंत्राच्या माथी मारला जातो. दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. फेटून घट्ट उभं राहायला ३० टक्क्यांच्या वर लागतो. कोणत्याही मिक्सरनं पंचवीस टक्क्यांचं क्रीम केकवर फुलं काढण्याइतकं उभं राहत नाही.

मे महिन्यातलं गणित

परदेशी पुस्तकांतल्या सूचना वीस-बावीस अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या असतात. नागपुरात, पुण्यात, रत्नागिरीत त्या तशाच्या तशा चालत नाहीत, आणि यंत्र स्वतःची उष्णता त्यात घालतं.

पाव करणाऱ्यांचं एक जुनं सूत्र आहे. मळून झाल्यावर पीठ साधारण २५ अंशांवर असावं. म्हणून २५ ला तीननं गुणायचं, आले ७५. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळताना घर्षणानं येणारी उष्णता वजा करायची. उरेल ते पाण्याचं तापमान. घरगुती स्टँड मिक्सरमध्ये घर्षणासाठी १२ अंशांच्या आसपास धरतात. आता मे महिन्यात खोली ३४ अंश, डब्यातला मैदाही ३४ अंश. ७५ वजा ३४ वजा ३४ वजा १२, उत्तर येतं उणे ५. एवढं थंड पाणी म्हणजे बर्फच.

मैदा आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवला आणि तो ८ अंशांवर आला, तर तेच गणित २१ वर येतं. पाण्यात दोन बर्फाचे खडे टाकले की झालं. हे न करता दुपारी मळलेलं पीठ चिकट होतं, वेळेआधी फुगतं आणि पावाला चव येत नाही. दोष मात्र यीस्टला दिला जातो.

खरेदीशी याचा संबंध असा की सगळ्यात खालचा वेग खरोखर संथ असायला हवा. काही यंत्रांचा एक नंबरच इतका जोरात असतो की मैदा उडून ओट्यावर पसरतो आणि पीठ लवकर तापतं. दुकानात यंत्र रिकामंच चालवून पाहिलं तरी हे कळतं. मळताना घाईनं वरचा वेग लावू नये. किचनएडच्या पुस्तिकेत तर यीस्टचं पीठ दोन नंबरच्या वर मळू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मैदा आणि पाणी नुसतं एकत्र करून वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवलं तर ग्लुटेन आपोआप जुळायला लागतं. पुढे यंत्राचं काम कमी होतं आणि पीठ गारही राहतं.

बटरही १८ ते २० अंशांवर असताना उत्तम फेसलं जातं. बत्तीस अंशांच्या खोलीत ते लवकरच तुकतुकीत, तेलकट दिसायला लागतं. तसं झालं की आत घेतलेली हवा सुटायला लागली असं समजावं. स्टीलचं भांडं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग काम सुरू केलं तर हा त्रास बराच टळतो.

एक नाणं खिशात ठेवा

बीटर आणि भांड्याचा तळ यांच्यात किती अंतर आहे, यावर मिश्रण नीट होणार की तळाशी कोरडा मैदा राहणार हे ठरतं. ते पाहायची सोपी रीत आहे. रिकाम्या भांड्यात एक नाणं टाकावं, चपटा बीटर लावावा आणि यंत्र सगळ्यात संथ वेगावर चालवावं. बीटरनं प्रत्येक फेरीत नाण्याला हलकेच ढकलायला हवं, सेंटिमीटरभर. नाणं जागचं हललंच नाही तर बीटर फार वर आहे. ते सतत फरपटत गेलं किंवा बीटर तळाला घासल्याचा आवाज आला तर फार खाली आहे. बऱ्या यंत्रांत मानेजवळ एक स्क्रू असतो. पाव फेरा इकडे-तिकडे फिरवला की उंची जुळते. हा स्क्रू आहे का, हे दुकानातच विचारावं. नसेल तर बीटर येईल तसा वापरावा लागतो.

हुकाकडेही नीट बघावं. इंग्रजी सी अक्षरासारख्या हुकावर पीठ चढत जातं आणि मधूनमधून थांबून खाली ढकलावं लागतं. पिळदार हुक पीठ खाली दाबत राहतो. बीटर, हुक आणि व्हिस्क कोणत्या धातूचे आहेत तेही विचारावं. वरचा थर नसलेला ॲल्युमिनियमचा बीटर डिशवॉशरमध्ये घातला की काळा पडतो आणि मग हाताला, मिश्रणाला करडा रंग लागतो. स्टीलचे असतील तर उत्तमच.

यंत्राचं डोकं खाली करून लॉक लावावं आणि हातानं धरून वरखाली हलवून पाहावं. तिथे खडखड असेल तर घट्ट पीठ मळताना ती वाढत जाणार.

ओटा, प्लग आणि परदेशातली भेट

चांगल्या यंत्राचं वजन दहा-अकरा किलो असतं आणि ते असावंच. हलकं यंत्र पीठ मळताना जागेवर राहत नाही. पण दहा किलोचं यंत्र दर वेळी माळ्यावरून कोण काढणार? ज्याला ओट्यावर कायमची जागा नाही ते वापरलं जात नाही. म्हणून घरून निघताना ओटा आणि वरचं कपाट यांच्यातलं अंतर मोजून घ्यावं. यंत्राची उंची साधारण ३५ सेंटिमीटर असते आणि डोकं मागे उचललं की आणखी दहाएक सेंटिमीटर लागतात.

अमेरिकेतून येणारी मुलं, भाचे कौतुकानं मिक्सर आणू म्हणतात. त्यांना वेळीच सांगावं की तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आहे आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथलं यंत्र इथे थेट लावलं तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण तो जड असतो, ओट्यावर आणखी एक जागा अडवतो, आणि अमेरिकेतली वॉरंटी इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा चालत नाही. दुबईहून किंवा लंडनहून आणलेलं यंत्र मात्र आपल्या विजेवर चालतं. फक्त प्लगच्या पिना वेगळ्या असतात. त्यासाठी अर्थिंग असलेला बदली प्लग बसवून घ्यावा. पाण्याच्या हातानं वापरायच्या यंत्राला दोन पिनांच्या स्वस्त अडॅप्टरवर चालवू नये.

वॉरंटीतली बारीक अक्षरं

‘मोटरवर पाच वर्षं’ असं लिहिलेलं असलं तरी बिघडतं ते पुष्कळदा गिअर, वेगाचं बटण किंवा सर्किट. त्यांची वॉरंटी वेगळी आणि कमी असू शकते. सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे की यंत्र पुण्या-मुंबईला पाठवावं लागेल, हे फोन करून स्वतः विचारावं. एखादा गिअर सुटा मिळतो का आणि केवढ्याला, हाही प्रश्न त्याच फोनवर विचारावा.

घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी एक कलम आवर्जून वाचावं. बहुतेक घरगुती यंत्रांच्या वॉरंटीतून व्यावसायिक वापर वगळलेला असतो. दिवसाला आठ-दहा केक जात असतील तर पाच किंवा सात लीटरचे छोटे व्यावसायिक प्लॅनेटरी मिक्सर पाहावेत. ते दिसायला ओबडधोबड आणि आवाजाला मोठे असतात, पण रोज तासन् तास चालण्यासाठीच बनवलेले असतात. फक्त पावाचाच व्यवसाय असेल तर स्पायरल मिक्सर. त्यात क्रीम फेटता येत नाही, मात्र पीठ कमी तापतं.

पहिला आठवडा

यंत्र घरी आलं की खोकं आणि थर्माकोल फेकू नये. परत करायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करून पाहाव्यात. दोन अंड्यांचे पांढरे बलक फेटावेत: व्हिस्क तळापर्यंत पोचतो का ते कळेल. दोनशे ग्रॅम बटर आणि साखर फेसावी: कडेला न मिसळलेलं बटर किती उरतं ते दिसेल. मग ५०० ग्रॅम मैद्याचं पावाचं पीठ आठ मिनिटं मळावं आणि यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून पाहावा. कोमट लागणं ठीक. चटका बसत असेल, जळका वास येत असेल किंवा यंत्र ओट्यावर चालत सुटलं असेल तर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी आणि व्हिडिओ काढून ठेवावा.

कंपन्या खिमा काढायचं, शेवया पाडायचं, भाज्या किसायचं जोडसाहित्य मोहक किमतीत पुढे करतात. ते सहा महिने थांबूनही घेता येतं. हाताशी पैसे उरले तर आधी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्यावा, मग ओव्हनच्या आत ठेवायचं थर्मामीटर, आणि त्यानंतर त्याच यंत्राचं दुसरं स्टीलचं भांडं. बलक एका भांड्यात फेटून झाले की बटर दुसऱ्यात घेता येतं, मध्ये भांडं घासायला थांबावं लागत नाही.